पाठीतलं पाणी काढायला घरचे तयार नाहीत : मेंदूत बुरशी निघाली आहे (नागपूर)

काटोलकरीण | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझे मोठेबाबा, पासष्टी ओलांडलेली, काटोलकडे संत्र्याची बाग. दिवाळीनंतर डोकं दुखायला लागलं. गावात आधी सायनस झालं, मग चष्म्याचा नंबर, मग बीपी. संध्याकाळचा बारीक ताप असायचा, तो कोणी मनावर घेतला नाही. मग उलट्या सुरू झाल्या आणि गेल्या आठवड्यात त्यांनी मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. तेव्हा गाडी करून नागपूरला आणलं.

धंतोलीत एका खासगी दवाखान्यात भरती आहेत. सीटी झाला, पाठीतलं पाणी काढलं. टीबीचा मेंदूज्वर असेल म्हणून तेच औषध सुरू करायच्या बेतात होते, तेवढ्यात लॅबमधून फोन आला की पाण्यात बुरशी दिसतेय. क्रिप्टोकॉकस. एचआयव्ही निगेटिव्ह. शुगर आहे. आणि गुडघ्यांसाठी ते कित्येक वर्षं बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाकडून पुड्या घेतात. डॉक्टर म्हणाले, त्यात स्टेरॉइड असणार. चेहरा गोल झालाय, कातडी पातळ पडलीय, ही त्याचीच लक्षणं.

आता खरा प्रश्न. डॉक्टर म्हणतात पाणी परत काढावं लागेल, कदाचित रोज. मोठी आई आणि चुलतभाऊ सही करत नाहीत. आमच्या नात्यातल्या एका मुलाचे पाय "पाणी काढल्यावर" गेले होते, ते सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. त्यात कोणीतरी मोबाईलवर क्रिप्टोकॉकस शोधलं आणि एड्स आलं, त्यामुळे वऱ्हांड्यात कुजबुज सुरू झालीय. हा आजार कोणाला झाला असेल, कोणी जवळून पाहिला असेल तर सांगा. हे पाणी काढणं इतकं गरजेचं असतं का?

झिरोमाइल | सोमवार, रात्री १०:३१

बाप्पा! बुरशी अन् डोक्यात? ताई, हे २०२१ वाली काळी बुरशीच हाय का? तेव्हा तं लोकांचे डोळे काढले होते. अन् एक सांगतो, राग नका मानू. मले व्हॉट्सअपवर आलं होतं का अमेरिकेत पाठीत सुई मारूनच लोकांच्या मेंदूत बुरशी गेली. मंग हे डॉक्टर रोज सुई काहून मारून राहिले?

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:०५

न्यूरोलॉजीला रेसिडेंट आहे, कुठे ते सांगत नाही. पेशंट मी पाहिलेला नाही, तेव्हा औषधांबद्दल त्यांचे डॉक्टर म्हणतील तेच खरं. पण सहीबद्दल बोलतो, कारण त्यात वेळ जातोय.

काटोलकरीण ताई, या आजारात पाणी काढणं ही फक्त तपासणी नाही, तो उपचार आहे. मेंदूभोवतीचं पाणी शरीर दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार करतं आणि तितकंच शोषून घेतं. एका वेळी डोक्यात-पाठीत मिळून जेमतेम दीडशे मिली असतं. क्रिप्टोकॉकसच्या पेशींना जाड चिकट आवरण असतं. ते आवरण आणि पेशी पाणी शोषणाऱ्या जागा बुजवतात. तयार होणं चालू राहतं, जाणं थांबतं, आणि कवटी काही ताणत नाही. उलट्या, ग्लानी, माणसं न ओळखणं, पुढे नजर जाणं, ऐकू न येणं हे बरंचसं त्या दाबाने होतं. औषध बुरशीला मारायला आठवडे घेतं, दाब तितके दिवस थांबत नाही. पेशंट पहिल्या काही दिवसांत जातात ते पुष्कळदा यामुळे.

आडवं झोपवून सुई लावली की काचेच्या नळीत पाणी किती सेंटीमीटर चढतं ते बघतात. २५ च्या वर असेल तर २० च्या खाली येईपर्यंत, आणि फारच जास्त असेल तर निम्म्यावर येईपर्यंत काढतात. दुसऱ्या दिवशी परत चढला तर परत काढायचं. वीस-तीस मिली काढलं म्हणून माणूस रिकामा होत नाही, काही तासांत शरीर ते भरून काढतं.

आता पाय लुळे होण्याबद्दल. मणक्यातली मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे घालतात. तिथे नुसत्या सुट्या नसा पाण्यात तरंगत असतात, सुई आली की बाजूला सरकतात. तुमच्या नात्यातल्या मुलाला काय होतं ते मला माहीत नाही, पण टीबीचा मेंदूज्वर मणक्यात उतरला की पाय जातात, आणि त्याच आजारासाठी पाणीही काढलेलं असतं. लोक लक्षात सुई ठेवतात.

धोका शून्य नाही. मेंदूत मोठी गाठ असेल, रक्त गोठत नसेल, पेशंट रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असेल तर थांबावं लागतं. म्हणूनच आधी सीटी आणि रक्त तपासतात. तुमचा सीटी झालाय. नंतर दोन-तीन दिवस डोकं दुखू शकतं, कंबर ठणकते. बाकी सही आज रात्रीच करा.

सूक्ष्मदर्शी | सोमवार, रात्री ११:४०

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, असे "तेवढ्यात फोन आला" वाले फोन करणाऱ्यांपैकी. तुमच्या लॅबवाल्याला माझ्याकडून शाबासकी, कारण टीबी आणि क्रिप्टो पाण्याच्या साध्या रिपोर्टवर ओळखू येत नाहीत. दोन्हींत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, प्रोटीन वाढलेलं, साखर उतरलेली. दोन्ही आजार आठवड्या-आठवड्याने चढतात. आपल्याकडे टीबी इतका की हात आधी तिकडेच जातो. आणि टीबीच्या मेंदूज्वरात सोबत स्टेरॉइड देतात. तेच स्टेरॉइड क्रिप्टोत देऊन पाहिलं होतं; एचआयव्हीच्या पेशंटवरचा तो आशिया आणि आफ्रिकेतला अभ्यास २०१६ साली छापून आला आणि त्यात स्टेरॉइडवाल्यांचं नुकसानच जास्त झालं. म्हणून हा फोन महत्त्वाचा होता.

तपासणी अगदी जुनी आहे. पाण्याचा थेंब काचेवर, त्यात काळ्या शाईचा थेंब, वर कव्हरस्लिप. शाई आवरणात शिरत नाही, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती स्वच्छ वलय दिसतं; भिजलेला सब्जा पाहिलाय ना, तसं. पण शाईवर पूर्ण भरवसा ठेवू नये. एचआयव्ही असलेल्यांत बुरशी भरपूर असते, तिथे बहुतेक वेळा सापडते. एचआयव्ही नसलेल्यांत निम्म्या वेळाही चुकू शकते. आता अँटिजेनची, म्हणजे बुरशीच्या आवरणाचे अंश ओळखणारी, पट्टी मिळते, गरोदरपणाच्या पट्टीसारखी दोन रेघांची, दहा मिनिटांत उत्तर. ती फार क्वचित चुकते.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी : घरातल्या कोणाचं असं लांबलेल्या डोकेदुखीसाठी पाणी काढत असतील आणि तो माणूस शुगर, स्टेरॉइड, किडनी बदललेला, केमो किंवा एचआयव्हीवाला असेल, तर विचारा की त्याच नमुन्यावर क्रिप्टो अँटिजेन लावताय का. वेगळी सुई लागत नाही. कोणी रागावलं तर रागावू द्या.

झिरोमाइल, तुमचं उद्या. डोळे मिटतायत.

गोळीबार_चौक | मंगळवार, सकाळी ७:५०

आयडी चौकावरून घेतलाय आणि धंदाही गोळ्यांचाच आहे, फार्मसी.

ताई, अँफोटेरिसिन सुरू केलं असेल तर हे जवळ लिहून ठेवा. हे औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून निघालं आणि अजूनही मेंदूतल्या बुरशीवर पहिलं नाव त्याचंच. दोन प्रकार : साधं आणि लायपोसोमल. साधं स्वस्त, पण किडनीला जड. लायपोसोमल महाग, किडनीला त्यामानाने हलकं. दोन्ही डेक्स्ट्रोजमध्येच (साखरेच्या पाण्यात) चढवतात, सलाईनमध्ये (मिठाच्या पाण्यात) मिसळलं तर औषध फाटतं. मात्र साध्या प्रकाराआधी किडनी सांभाळायला सलाईनची वेगळी बाटली देतात. नातेवाइकांना वाटतं, बाटली बदलून नर्स चुकली. तसं नसतं.

चढताना हुडहुडी भरते, ताप येतो, माणूस पलंग हलेल इतका कापतो. पहिल्या दिवशी घरच्यांची गाळण उडते. आधी पॅरासिटामॉल वगैरे देऊन आणि हळू चढवून ते बरंच आटोक्यात येतं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली जातं, म्हणून रोज रक्त काढतात. रक्त "उगाच काढतात" म्हणून भांडू नका.

जोडीला फ्लुसायटोसिन नावाच्या गोळ्या असतील तर उत्तम. पण हे आपल्याकडचं दुखणं आहे : कंपन्या भारतातल्या, औषध आफ्रिकेत जातं आणि इथल्या दुकानात मागितलं तर सहज मिळत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं तर एकाच दुकानात बसून राहू नका. मिळालं नाही तर फ्लुकोनॅझोलचा मोठा डोस जोडून चालवतात.

काटोलकरीण | मंगळवार, सकाळी ८:२६

रात्री साडेबाराला सही झाली. रात्रपाळी यांचा प्रतिसाद मी मोठ्या आईला मोठ्याने वाचून दाखवला. "सुट्या नसा बाजूला सरकतात" हे तिने मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, कर बापा सही.

नळीत पाणी ३८ पर्यंत चढलं म्हणे. काढल्यानंतर तासाभरात त्यांनी चहा मागितला. अजून धड बोलत नाहीत, पण ओकारी थांबलीय. बाकीचं नंतर लिहिते, औषध आणायला सीताबर्डीला जायचंय.

निसर्गाकडे | मंगळवार, सकाळी ९:१५

हे सगळं विषारी औषध चढवण्यापेक्षा गुळवेल, कडुनिंब आणि ओल्या हळदीचा काढा द्या. बुरशीला हळद चालत नाही हे आपल्या आजीलाही माहीत होतं. आणि ते स्टेरॉइड आजपासून पूर्ण बंद करा. सगळ्याचं मूळ तेच आहे.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:४४

निसर्गाकडे, काढ्याबद्दल वाद घालत नाही. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला तोंडाने काही पाजलं तर ते फुप्फुसात जाईल, एवढंच सांगतो. मात्र तुमचं शेवटचं वाक्य कोणी ऐकलं तर माणूस दगावेल, म्हणून थांबून लिहितोय.

वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीराची स्वतःची ग्रंथी ते बनवणं सोडते. एकदम तोडलं तर बीपी कोसळतं, सोडियम-शुगर खाली जातं. आधीच आजारी असलेल्या माणसाला ते झेपत नाही. काटोलकरीण ताई, कसल्याही असल्या तरी त्या पुड्या घेऊन या, रोज किती घ्यायचे आणि शेवटची कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा. डोस कमी करायचाच आहे, पण तो ते हिशेबाने करतील. वर सूक्ष्मदर्शी यांनी स्टेरॉइडने नुकसान झालं असं लिहिलं ते मेंदूज्वरासाठी वरून दिलेल्या स्टेरॉइडबद्दल. ग्रंथी झोपलीय म्हणून थोडं देणं वेगळं.

या पुड्यांवर खरं तर वेगळा धागा निघावा. विदर्भातल्या प्रत्येक आठवडी बाजारात हा माणूस बसलेला असतो. पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी गुडघा पळायला लागतो, मग कोण ऐकतो?

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी १:१०

जेवणाच्या सुट्टीत झिरोमाइल यांचं कर्ज फेडते.

२०२१ ची ती म्यूकर, ही क्रिप्टो. नातं एवढंच की दोन्ही बुरश्या. म्यूकर नाकातून शिरते, सायनस, मग डोळ्याची खोबणी, मग त्यामागच्या शिरांतून मेंदू. ती रक्तवाहिन्यांत घुसून त्या बुजवते, पुढचा भाग रक्ताविना मरतो आणि काळा पडतो. काळं असतं ते मेलेलं मांस, बुरशी स्वतः नव्हे. तिला वाढलेली साखर आणि रक्तातलं मोकळं लोह लागतं, म्हणून शुगर फार चढून रक्त आम्लयुक्त झालेल्यांत ती दिवसा-दिवसाने पुढे सरकते. क्रिप्टो श्वासातून फुप्फुसात जाते, तिथे वर्षानुवर्षं गप्प बसू शकते, आणि प्रतिकारशक्ती ढासळली की रक्तातून मेंदूच्या आवरणांत जाते. ती आठवडे घेते. एकीत सर्जनने मेलेला भाग कापून काढल्याशिवाय गत्यंतर नसतं, दुसरीत कापायला काही नसतंच.

खरोखर काळी असलेली एक बुरशी आहे, तिचं नाव क्लॅडोफायालोफोरा बँटियाना. चांगल्या धडधाकट माणसाच्याही मेंदूत पू भरलेली गाठ करते. स्कॅनवर ट्यूमर समजून ऑपरेशन होतं आणि आत काळपट पू निघतो. जगातल्या नोंदींत भारतातल्या केसेस खूप आहेत. क्वचितच, पण एकदा पाहिली की विसरत नाही.

अमेरिकेचं : व्हॉट्सअपने अर्धं सांगितलं. २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषध बनवणाऱ्या ठिकाणी कंबरदुखीसाठीच्या स्टेरॉइड इंजेक्शनच्या कुप्यांतच बुरशी होती. ती वीस राज्यांत टोचली गेली, ७५३ जण आजारी पडले, ६४ गेले. म्हणजे बाहेरचं घाण औषध आत घातलं गेलं. इथे आत काहीच घालत नाहीत, बाहेर काढतात.

झिरोमाइल | मंगळवार, दुपारी १:३२

समजलं बावा. तो मेसेज गावच्या ग्रुपवर मीच टाकला होता, आता खाली तुमचं लिहिलेलं टाकून देतो.

मोरभवन | मंगळवार, दुपारी ३:०५

म्यूकर आमच्या घरात येऊन गेली म्हणून लिहितो. मे २०२१, माझे मेहुणे, कोविडमधून घरी येऊन जेमतेम आठवडा. गाल बधिर झाला. मग वरची दाढ हलायला लागली. आम्ही दाताच्या डॉक्टरकडे नेलं आणि त्या बाईंनी टाळू बघताच म्हटलं, इथे थांबू नका, आत्ताच्या आत्ता मेडिकलला (मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात) जा. तिथे वॉर्ड अशाच लोकांनी भरलेला होता.

त्या महिन्यात याच अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी जी वणवण झाली ती नागपुरातल्या बऱ्याच घरांना आठवत असेल. शेवटी वर्ध्याच्या कारखान्यात ते बनायला लागलं आणि जरा श्वास घेता आला. केंद्राने जून २०२१ च्या शेवटी सांगितलेला आकडा ४०,८४५ रुग्णांचा होता. त्यातले ३१,३४४ नाक-डोळे-मेंदूवाले, आणि दर शंभरात चौसष्टांना शुगर. मेहुण्यांचा वरचा जबडा निम्मा गेला, डोळा वाचला. आता टाळूला प्लास्टिकची पट्टी लावून जेवतात. सावजी सोडून सगळं खातात, तेही डॉक्टरांनी नाही, माझ्या बहिणीने बंद केलंय.

ताई, खर्चाचं विचारलं नाहीस पण सांगतो. तेव्हा म्यूकर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घातला होता. तुमच्या आजाराचं योजनेत काय बसतं ते काउंटरवरच्या आरोग्यमित्राला आधी विचार, बिल फुगल्यावर नाही. रेशन कार्ड आणि आधार गावाहून मागवून ठेव.

पारवे_नकोत | मंगळवार, संध्या. ६:४८

क्रिप्टो म्हणजे कबुतरांपासून होते ना? मग मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद केले तेव्हा लोकांनी आरडाओरडा काहून केला? आमच्या सोसायटीत एक काकू रोज गच्चीवर ज्वारी टाकतात. हा धागा त्यांना दाखवणार आहे.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, संध्या. ७:२०

दाखवा, पण पूर्ण दाखवा. मुंबईचा वाद मुख्यतः फुप्फुसाच्या ॲलर्जीवरून होता, ती कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने होते आणि चांगल्या माणसालाही होते. क्रिप्टो वाळलेल्या विष्ठेत सापडतो हे खरं, पण जुन्या झाडांच्या कुजलेल्या ढोलीत आणि मातीतही सापडतो. त्याचा भाऊ गॅटी, तो ऑस्ट्रेलियात निलगिरीवर सापडला आणि १९९९ पासून कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावर धडधाकट लोकांनाही झाला. आपण सगळ्यांनी आयुष्यात केव्हातरी तो श्वासात घेतलेला असणार, शरीर निपटून टाकतं. कबुतराला मात्र त्याचा त्रास होत नाही, त्याचं अंग आपल्यापेक्षा बरंच गरम असतं.

म्हणून काकूंना झोडपण्याआधी एवढं करा : घरात किडनी बदललेला, केमो चालू असलेला किंवा स्टेरॉइडवरचा माणूस असेल तर त्याने गच्ची झाडायची नाही. दुसऱ्याने झाडताना आधी पाणी मारायचं, नाकाला मास्क लावायचा. कोरडी विष्ठा खराट्याने उडवणं हाच खरा धोका.

आणि हो, माणसाकडून माणसाला होत नाही. काटोलकरीण, घरच्यांना सांगा, ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही.

निवांत_पाटील | मंगळवार, रात्री ९:०२

यवतमाळकडचा शेतकरी आहे. माझ्या आईचं दोन वर्षांपूर्वी नाकाच्या बुरशीचं ऑपरेशन झालं. तिला शुगर नाही, कधी स्टेरॉइड नाही. एक डोळा हळूहळू पुढे आला, नाक बंद, एवढंच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ॲस्परजिलस सांगितलं. मग ही कोणती? मेंदूत गेली असती का?

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ९:३०

गेली असती, म्हणून बरं झालं वेळेत काढली. हा प्रकार आपल्यासारख्या कोरड्या गरम मुलखात दिसतो. भारत आणि सुदानमधून त्याच्या नोंदी जास्त. ॲस्परजिलस फ्लेवस, तोच जो भुईमुगावर, मक्यावर हिरवट-पिवळा येतो. मळणीची धूळ, भुसा, कोंदट कोठार. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यांतही होतो आणि महिनेच्या महिने घेत हळू पसरतो. नाकाच्या वरच्या बाजूला मेंदूपासून वेगळं करणारं हाड फार पातळ आहे, ते खाऊन आत जातो. ऑपरेशननंतर वोरिकोनॅझोल बराच काळ घ्यावं लागतं. आईचं औषध मधेच सोडलं नाही ना?

निवांत_पाटील | मंगळवार, रात्री ९:४१

डोळा बसला म्हणून सोडलं होतं. उद्याच नागपूरला फोन करतो.

झिरोमाइल | मंगळवार, रात्री १०:१०

आता एक शेवटचं. कूलरच्या गवताले काळी-हिरवी बुरशी लागते. उन्हाळा तं समोर उभा हाय. कूलरनं होते का हे?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:५५

नागपुरात राहून कूलर बंद करा म्हणणाऱ्या डॉक्टरला पेशंट दुसऱ्यांदा येत नाही. क्रिप्टोचा कूलरशी संबंध नाही. घरात प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस असेल तर सीझनच्या सुरुवातीला गवत बदला, टाकी घासा, पाणी साचवून ठेवू नका. एवढं पुरे.

काटोलकरीण | शुक्रवार, रात्री ११:३०

उशीर झाला. मधे किडनीचं क्रिएटिनिन वाढलं म्हणून साधं अँफोटेरिसिन थांबवून लायपोसोमलवर आणलं. पाणी अजून दोनदा काढलं. पहिल्यांदा दाब परत चढलेला होता, आज २१. मोठेबाबांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि बागेला पाणी कोण देतंय ते विचारलं. डाव्या कानाने मात्र ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल असं सांगता येत नाही.

कुजबुज थांबलीय. एचआयव्हीचा रिपोर्ट चुलतभावाने सगळ्यांना दाखवला. मला ते आवडलं नाही, पॉझिटिव्ह असता तर काय केलं असतं? पण ते असो.

दोन प्रश्न. डॉक्टर म्हणाले हे इंजेक्शन अजून काही आठवडे चालेल. कोणीतरी मला आफ्रिकेत एकच डोस देतात असं सांगितलं, मग आमचं इतकं लांब का? आणि घरी गेल्यावर काय सांभाळायचं?

रात्रपाळी | शनिवार, पहाटे ५:१५

एकच डोस हे खरं आहे. बोट्सवाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेमध्ये मोठी चाचणी झाली. लायपोसोमलचा एक मोठा डोस आणि सोबत चौदा दिवस फ्लुसायटोसिन-फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, हे जुन्या पद्धतीइतकंच चाललं आणि त्रास कमी झाला. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही तेच सुचवते. पण ते सगळे पेशंट एचआयव्हीचे होते आणि फ्लुसायटोसिन हाताशी होतं. एचआयव्ही नसलेल्यांत बुरशी जायला वेळ लागतो असा अनुभव आहे, म्हणून पहिला टप्पा लांब धरतात. पुढे फ्लुकोनॅझोल मोठ्या डोसने साधारण आठ आठवडे, मग कमी डोसने सहा महिने ते वर्षभर.

कानाचं वाईट वाटलं. पहिल्या रात्री सही झाली नसती तर नजरही गेली असती, हे मी तुमच्या चुलतभावाला ऐकवू नका म्हणणार होतो, पण ऐकवा.

गोळीबार_चौक | शनिवार, सकाळी ८:०५

घरी गेल्यावरचं माझ्याकडून. फ्लुकोनॅझोल शुगरच्या काही गोळ्यांची ताकद वाढवतं, विशेषतः ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड. गोळी तीच, डोस तोच, आणि दुपारी घाम फुटून शुगर खाली. मोठेबाबांच्या शुगरच्या गोळ्यांचं पान डॉक्टरांना दाखवा आणि ग्लुकोमीटर घ्या. रक्त पातळ करायची वॉरफरिन असेल तर तेही सांगा. लिव्हरची तपासणी अधूनमधून करावी लागते. आणि काटोलच्या मेडिकलवाल्याने "तीच ती नायट्याची गोळी, आठवड्याला एक" म्हणत डोस कमी करून दिला तर घेऊ नका. नायट्याचा डोस वेगळा, मेंदूचा वेगळा.

काटोलकरीण | शनिवार, सकाळी ८:४०

ग्लिमेपिराइडच आहे! थँक्यू दादा. अजून एक : सुट्टीनंतर दर महिन्याला अँटिजेनची पट्टी लावून बघायची का, गेली की नाही ते?

सूक्ष्मदर्शी | शनिवार, सकाळी १०:२०

नको. मेलेल्या पेशींचं आवरणही पट्टीला लागतं, त्यामुळे आजार आटोक्यात आला तरी ती महिनोन्महिने पॉझिटिव्ह राहू शकते. पट्टीवरची रेघ बघून घरी रडारड आणि इंजेक्शन परत सुरू, असं मी पाहिलंय. बुरशी जिवंत आहे का ते कल्चरच, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढते का ते बघणंच, सांगतं. आम्ही ते कारळ्याच्या बियांच्या माध्यमावर लावतो, चटणीला वापरतो तेच कारळं. क्रिप्टो त्यावर तपकिरी वाढतो आणि लगेच ओळखू येतो. पहिला टप्पा संपताना पाण्याचं कल्चर कोरं आलं का ते विचारा, आणि त्या रिपोर्टची प्रत फाइलमध्ये लावा. पुढे कधी डोकेदुखी परत आली, उलटी झाली, दिसायला दोन-दोन लागलं तर पट्टी न लावता थेट त्याच डॉक्टरांकडे, आणि पाणी काढायला या वेळी कोणी नाही म्हणू नका.